२३ जुलै १९५२ : गोळेश्वरच्या मातीतून हेलसिंकीच्या गादीवर

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांनी या दिवशी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तालमीचा हौदा म्हणजे तांबडी माती. तेल, ताक, लिंबू, हळद घालून मऊ केलेली. सातारा-सांगलीच्या पैलवानांचे अंग या मातीत घडले. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवरची, नियम आणि गुणांची. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा प्रथमच गादीवर उतरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. एवढ्या अपुऱ्या सरावावर हे यश थोडे नव्हे.

हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून खर्डेकरांचे कर्ज फेडले. सरकारी तिजोरीपेक्षा आखाडाच कामी आला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे सांगलीकडच्या कवठेपिरानचे पैलवान मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. भारताला दुसऱ्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी १९९६ पर्यंत थांबावे लागले.

खाशाबा पोलिस खात्यातून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. हा उशीर अक्षम्यच.