तितिकाका सरोवरातील बेटे : ‘पारंपरिक’ या संज्ञेची ऐतिहासिक चिकित्सा

पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर, अँडीज पर्वतराजीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१२ मीटर उंचीवर तितिकाका हे विस्तीर्ण सरोवर आहे. पेरूकडील पुनो शहरातून नावेने उरो लोकांची तरंगती बेटे आणि त्यापुढील ताकिले हे खडकाळ बेट पाहण्यासाठी पर्यटक जातात. प्रवासवर्णनांतून या लोकांचे चित्र बहुधा ‘काळाचा स्पर्श न झालेला समाज’ असे रेखाटले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला ते स्वीकारता येत नाही. येथे परंपरागत म्हणून जे दाखविले जाते, त्याचा बराचसा भाग सत्तेशी झालेल्या संघर्षातून व तडजोडीतून घडला आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

तोतोरा या लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीच्या मुळांचे तरंगते ठोकळे एकत्र बांधून त्यांवर कापलेल्या तोतोराचे थर अंथरले, की उरोंचे बेट तयार होते. खालचा थर कुजत जात असल्याने वर नवा थर सतत घालावा लागतो. स्पॅनिश राजवटीच्या करविषयक दप्तरात ‘उरो’ हा आयमारांपेक्षा कमी कर भरणारा वेगळा वर्ग म्हणून नोंदला गेला. म्हणजेच हा शब्द वंशाइतकाच ऐपतीचाही निदर्शक होता. त्यांची मूळ भाषा येथे लुप्त झाली असून आयमारा रूढ आहे. १९७८ मध्ये शासनाने तितिकाका राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित केले आणि पिढ्यान्‌पिढ्या कापला जाणारा तोतोरा शासकीय नियमनाचा विषय झाला. आपल्याकडील वनहक्कांच्या इतिहासाची येथे आठवण होते.

ताकिलेचे उदाहरण अधिक बोलके आहे. केचुआ भाषिकांचे हे बेट जेमतेम पाच-सहा चौरस किलोमीटरचे. येथे ‘चुयो’ ही लोकरी टोपी पुरुषच विणतात. मुलगे लहानपणीच सुया हाती घेतात. २००५ मध्ये युनेस्कोने येथील वस्त्रकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून गौरविले. या कलेत इंकापूर्व काळापासूनचे धागे आहेत, यात शंका नाही. परंतु सुयांवरील विणकाम आणि पायमाग ही दोन्ही तंत्रे स्पॅनिशांबरोबर आली. दुसऱ्या तुपाक आमारूच्या १७८०-८१ मधील उठावानंतर राजसत्तेने इंका पद्धतीच्या पोशाखावर बंदी घातली. पुरुषांचा पांढरा सदरा, काळी विजार व आखूड बंडी यांवर स्पॅनिश शेतकऱ्यांच्या वेशाची छाप स्पष्ट दिसते. लादलेला वेश पुढे अस्मितेचे चिन्ह व्हावा, हे इतिहासात नवीन नाही.

या बेटावरील जमीनही दीर्घकाळ रहिवाशांची नव्हती. वसाहतकाळापासून ती जमीनदारांकडे होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेटाचा उपयोग राजकीय कैद्यांना ठेवण्यासाठीही झाला. १९३० च्या दशकापासून बेटवासीयांनी ती टप्प्याटप्प्याने विकत घेतली. माझ्या मते पुढील सर्व घडामोडींची गुरुकिल्ली या खरेदीत आहे. १९७० च्या दशकात पर्यटक येऊ लागले, तेव्हा पाहुण्यांची कुटुंबांत पाळीपाळीने सोय करणे, सहकारी दुकानात ठरावीक दराने कापड विकणे व स्वतःच्या नावा चालविणे, हे निर्णय गावसभा घेऊ शकली, कारण पायाखालची जमीन तिची होती. एलेन झोर्न यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ताकिलेतील कापड व पर्यटन यांच्या संबंधांचा सविस्तर मागोवा घेतला आहे.

नावांवरील नियंत्रण मात्र टिकले नाही. १९९० च्या दशकात फुजिमोरी शासनाच्या मुक्त बाजारपेठेच्या धोरणात बेटवासीयांचा जलवाहतुकीवरील विशेष अधिकार ही मक्तेदारी ठरली. पुनोतील खाजगी व्यावसायिक सकाळी पर्यटक आणून सायंकाळी परत नेऊ लागले. अशा पाहुण्याला बेटावर रात्रीच्या निवाऱ्याची गरज उरत नाही आणि प्रवासभाडे पुनोतच राहते. त्यानंतरही ताकिलेकरांनी स्वतःच्या नावा पाण्यात ठेवल्या आहेत.