मेमरी मर्यादा, कंटेनरमधील

मेमरी मर्यादा, कंटेनरमधील : एकाच यंत्रावर शेजारी शेजारी चालणाऱ्या अॅप्लिकेशनांपैकी प्रत्येकाने जास्तीत जास्त किती रॅम वापरावी, याची लिनक्स कर्नलने पाळायला लावलेली हद्द.

पनवेलजवळच्या रोडपालीत कंटेनर म्हटले की न्हावा-शेवा बंदराकडे निघालेला ट्रेलर डोळ्यांसमोर येतो. संगणकातल्या कंटेनरलाही, म्हणजे अॅप ज्यात इतरांपासून वेगळे चालते त्या कप्प्यालाही, त्याच लोखंडी पेटीची उपमा दिली जाते. पेटीच्या दारावर तीन आकडे रंगवलेले असतात : एकूण कमाल वजन (बहुधा ३०,४८० किलो), रिकाम्या पेटीचे वजन आणि भरता येणारा माल. मेमरी ठरवताना हाच हिशेब करायचा असतो, आणि नेमका तोच चुकतो.

मेमरी मर्यादेमागची ‘सीग्रुप’ ही कर्नलमधील यंत्रणा गूगलमधील पॉल मेनेज व रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केली. २००८ मध्ये ती कर्नलमध्ये आली. डॉकर (२०१३) आणि कुबरनेटिसमुळे (२०१४) ती घरोघर पोचली.

मर्यादा गाठली की कर्नल आधी कॅशे रिकामा करून जागा मिळते का ते पाहतो. नाहीच मिळाली, तर प्रोसेस जागच्या जागी मारतो. अॅपला शेवटची ओळ लिहायलाही सवड नसते. अॅपच्या लॉगमध्ये कारण नाही आणि हाती फक्त १३७ हा एक्झिट कोड (१२८ अधिक सिग्नल ९). नवखा माणूस इथे दिवसभर कोडमधली चूक शोधत बसतो.

जुनी जावा कंटेनरची भिंत ओळखतच नसे. ६४ जीबीच्या यंत्रावर ती चौथा हिस्सा, म्हणजे १६ जीबी हीप (अॅपच्या डेटाची जागा) धरी, मग कंटेनर एक जीबीचा का असेना. जावा १० मध्ये (२०१८) हे सुधारले. आता चौथा हिस्सा मर्यादेचा धरला जातो. तो टक्का वाढवता येतो, पण शंभरावर नेणे शुद्ध अविचार. थ्रेडचे स्टॅक, क्लासांची माहिती, बफर हे सारे हीपबाहेर राहते. ते रिकाम्या पेटीचे वजन. थ्रेडमागे एक एमबी धरला, तर २०० थ्रेड २०० एमबीपर्यंत जाऊ शकतात.

कुबरनेटिसमध्ये एककही जपून लिहावे. ‘५१२ एमआय’ म्हणजे ५३,६८,७०,९१२ बाइट, मोठ्या लिपीतला ‘एम’ लावून ‘५१२ एम’ म्हणजे ५१,२०,००,०००. लहान ‘एम’चा अर्थ मात्र हजारांश, तो चुकून पडला तर ५१२ चा अर्थ होतो जेमतेम अर्धा बाइट.