तेल, मेण आणि ऊन : मराठेशाहीत शस्त्रे कशी टिकवीत?

सर्व्हायव्हल खेळात कुऱ्हाड हाती घेतली की पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या आयुष्याची पट्टी दिसते. पट्टी संपली की कुऱ्हाड तुटली. कोकणातल्या हवालदारापाशी अशी पट्टी नव्हती. दारू सर्द झाली आहे हे बत्ती दिल्यावर कळे, म्हणजे शत्रू तटाखाली आल्यावर! #थ्रेड

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि पुढे याच खाडीत आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. राज्य समुद्राला भिडले, त्याबरोबर एक नवा वैरीही पदरी पडला : खारी, दमट हवा.

लोखंडाला ती गंज चढवते हे उघडच. दारूचे दुखणे याहून खोल. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. जुन्या रीतीने काढलेल्या सोऱ्यात इतर क्षार राहून जात आणि ते हवेतले पाणी शोषून घेत. अशी ओलसर दारू एक तर पेटत नाही, नाही तर नुसतीच फुसफुसते.

यावर मराठी राज्याने काय योजले होते, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडते. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळातला, सुमारे १७१५ चा हा ग्रंथ. राजनीतीसाठी तो वाचला जातोच. पण त्यातली दुर्ग आणि आरमाराची प्रकरणे मला अधिक मोलाची वाटतात. तिथे राज्य प्रत्यक्ष कामाला लागलेले दिसते.

दारूखाना घरांपासून दूर असावा. आत तळघर, त्यात माच आणि माचावर दारूची मडकी. बाण व हुके यांनाही सर्दी लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन हे सारे बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. स्वतः येऊन, हे महत्त्वाचे. हे काम चाकरावर सोपवलेले नाही.

पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे आणि बत्ती लावण्याचे छिद्र, म्हणजे काना, मेणाने बुजवावा. पाणी आत शिरण्याची वाटच बंद!

जहाजांची गत तोफांहून नाजूक. उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे तळाला लागतात, शिवाय वर पावसाळी वादळे. म्हणून पावसाआधीच जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने छावणीला न्यावीत, असा दंडक. तेही दरसाल एकाच बंदरात नको, तिथल्या रयतेला उपद्रव होतो.

आणि दुरुस्तीचे लाकूड? सागवान राज्याच्या रानातून परवानगीने तोडावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगी, पण त्यांना हात लावू नये. ही झाडे एक-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती जपलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. खेळात मात्र आपण दिसेल त्या झाडावर कुऱ्हाड घालतो.