पहिल्यांदाच २०० किलोमीटर सायकल? गटाने निघण्याआधी वेळेचा हिशेब मांडा

उज्जैन : थंडी पडायला लागली की फ्रीगंजातल्या टावर चौकात पहाटे साडेपाचला हेल्मेट घातलेली मंडळी जमायला लागतात. पोहेवाल्यांच्या कढया अजून तापायच्या असतात. कुणी देवास रोडला निघतं, कुणी आगर रोडला. चाळीस-पन्नास किलोमीटर करून नऊच्या आत परत, मग पोहे, वरून जिरावण आणि शेव. अशा एखाद्या सकाळी प्लेट हातात घेऊन कुणीतरी म्हणतं, "यंदा दोनशेची करायची का?" सगळे हो म्हणतात. तयारी कशी करायची, हे मात्र कुणालाच नीट माहीत नसतं. हा मजकूर त्या मंडळींसाठी. उज्जैन-इंदूरकडे राहणाऱ्यांना तो उपयोगी पडेल, तसाच धुळे, जळगाव, बऱ्हाणपूरकडच्यांनाही.

आधी आपण कशात नाव नोंदवतोय ते समजून घ्या. गटाने लांब सायकल चालवायचे साधारण दोन प्रकार आहेत. एक वारीसारखा. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची नाशिक ते पंढरपूर सायकल वारी हे त्याचं ठळक उदाहरण. यात सगळे बरोबर जातात, मुक्काम-जेवणाचं आयोजक बघतात आणि पोहोचणं महत्त्वाचं असतं. दुसरा प्रकार बीआरएमचा, ज्याला आपल्याकडे सरसकट ब्रेव्हेट म्हणतात. मूळ फ्रेंच पद्धत. भारतात ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स ही संस्था ते बघते आणि शेवटची मान्यता पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनकडून येते. पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतले क्लब या राइड भरवतात. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. मात्र वेळेची मर्यादा असते आणि ती मिनिटावर पाळली जाते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एकाच हंगामात या चारही पूर्ण केल्या की 'सुपर रँदोनर' म्हणतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची जुनी स्वारी १८९१ मध्ये सुरू झाली आणि आता दर चार वर्षांनी होते. तिथे जायचं तर हीच शिडी चढावी लागते.

ब्रेव्हेटमध्ये मागून येणारी गाडी चालत नाही. घरच्यांनी कार घेऊन यायचं असेल तर फक्त ठरलेल्या कंट्रोलवर भेटायचं, मधल्या रस्त्यात मदत घेतली तर बाद. पंक्चर आपणच काढायचं. पाणी, खाणं, वाट शोधणं सगळं आपलं आपण. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, हेल्मेट, चमकणारं जॅकेट हवंच. सकाळी सहाला सुटलं तर शेवट संध्याकाळी साडेसातला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत दोन्ही टोकांना अंधार.

साडेतेरा तास जातात कुठे

मी बी.कॉम.वाला, त्यामुळे मला हे जमाखर्चातच कळलं. जमेच्या बाजूला साडेतेरा तास, म्हणजे ८१० मिनिटं. ताशी सरासरी वीसने चालवलं तर २०० किलोमीटरला दहा तास. उरले साडेतीन तास, २१० मिनिटं. आता खर्च लिहा. तीन कंट्रोल, प्रत्येकी पंधरा मिनिटं, झाले ४५. जेवण ४०. दोन पंक्चर धरा, वीस-वीस मिनिटांची, ४०. पाणी भरणं, लघवी, जॅकेट काढणं-घालणं यात ३०. एकूण १५५. शिल्लक ५५ मिनिटं. ठीक आहे, निभावतं.

हाच हिशेब ताशी अठराने करा. चालवायलाच अकरा तास सात मिनिटं जातात. उरतात १४३ मिनिटं आणि खर्च तोच १५५. बारा मिनिटांचा तोटा! वेगात फरक फक्त दोन किलोमीटरचा. नवखे लोक मग तो वेग वाढवायच्या मागे लागतात, महाग चाकं घेतात, चहाच्या टपरीवर मात्र पंचवीस मिनिटं बसतात. खर्च कापायचा तर थांब्यांवर कापा. तिथे पैसेही लागत नाहीत.

गटात हा खर्च वाढतो. एकटा माणूस पाच मिनिटांत पाणी भरून निघतो. सहा जण असले की एक पाणी भरतो, दुसरा फोटो काढतो, तिसऱ्याला तेव्हाच घरी फोन करायचा असतो, आणि सगळे निघणार तेवढ्यात चौथ्याला लघवीला लागते. पाचाची वीस मिनिटं कधी झाली कळत नाही.

कंट्रोलच्या वेळाही ध्यानात ठेवा. नियमाने पहिल्या साठ किलोमीटरपर्यंत थोडी सूट असते, पुढे ताशी पंधराचा हिशेब. सहाला सुटलात तर ५० किलोमीटरचा कंट्रोल साडेनऊला बंद होतो, १०० चा बारा चाळीसला, १५० चा चारला. आयोजकांच्या कार्डावर छापलेली वेळ तीच खरी. ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून हँडलला चिकटवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

कुणासाठी किती थांबायचं

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण पहिल्या दोनशेला गेलो होतो. ११० किलोमीटरला एका ढाब्यावर दाल-बाफले दिसले आणि आम्ही सव्वा तास बसलो. त्यानंतर आमच्यातला एक जण मागे पडायला लागला. त्याला सोडून जायचं की थांबायचं, यावर रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहून वाद झाला. दोघे पुढे गेले आणि वेळेत पोहोचले. आम्ही तिघे वीस मिनिटं उशिरा आलो. कार्ड गेलं, त्याचं फारसं काही नाही. पण त्या पाचांतले दोन मित्र पुढे कित्येक महिने एकमेकांशी धड बोलत नव्हते. सायकलच्या तयारीवर आम्ही दोन महिने घालवले होते, या प्रश्नावर दोन मिनिटंही नाही.

म्हणून आदल्या आठवड्यातच सगळ्यांनी बसून ठरवा. ब्रेव्हेटचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं असतं, नियम कुणाला थांबायला सांगत नाही. आमच्याकडे आता ठरलंय ते असं : पहिल्या शंभरापर्यंत सगळे बरोबर आणि वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा. शंभराच्या कंट्रोलवर घड्याळ बघायचं. वेळेची शिल्लक अर्ध्या तासापेक्षा कमी असेल तर ज्याला पुढे जायचं त्याने मोकळ्या मनाने जावं, मागच्याने रागवायचं नाही. पण मागे कधीही एकटा माणूस ठेवायचा नाही, निदान जोडी असावी. आणि चक्कर, छातीत दुखणं, उलट्या असं काही दिसलं किंवा अंधार पडला, तर कार्ड विसरायचं. तुमचा गट वेगळं ठरवू शकतो, फक्त ठरवून निघा.

आठ आठवड्यांचा सराव

रोज सायकल चालवायची गरज नाही. आठवड्यात दोनदा तासभर आणि रविवारी एक लांब राइड पुरते. रविवारची लांबी हळूहळू वाढवा : ४०, ५०, ६५, ८०, मग एक आठवडा विसावा म्हणून ५०, पुढे १०० आणि १३०. शेवटच्या आठवड्यात फक्त पाय मोकळे करा. सरावात १३० जमले की २०० जमतात. आधीच दोनशे करून बघायची काही गरज नाही.

उज्जैनकरांना आगर रोड बरा. टावर चौकातून निघून घट्टिया, घोसला, तनोडियावरून आगर आणि परत, सगळं मिळून १३० च्या आसपास होतं. म्हणजे शेवटचा मोठा सराव तिथेच उरकतो. माळव्याचं पठार सपाट वाटतं, पण हा रस्ता सारखा किंचित चढतो-उतरतो, त्याचा चांगला व्यायाम होतो. परतीला समोरून वारा लागला तर कुरकुर न करता चालवा. इंदूर रोड सरावाला सध्या टाळलेला बरा. २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याच्या सहापदरीकरणाचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं, आणि कामाच्या रस्त्यावर वळणं, धूळ, डंपर आलेच. धुळे-शिरपूरकडून येणाऱ्यांना एक सांगणं, बिजासन घाटाची हौस सरावाला नको. तिथे उतारावर ब्रेक तापलेले ट्रक असतात.

सराव गटानेच करा, कारण गटात चालवणं हे वेगळंच कसब आहे. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. मात्र आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी जाऊ द्यायचं नाही. तो जरा जरी हलला तर पडतो तो मागचा. पुढच्याने अचानक ब्रेक मारायचा नाही, खड्डा दिसला की ओरडून आणि हाताने दाखवायचा. पाच-दहा मिनिटांनी पुढचा बदलायचा. हायवेवर एकामागे एक. आणि मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या! संध्याकाळनंतर त्यांची भीती ट्रकपेक्षा जास्त.

पोट, पाणी, गादी

भूक लागायच्या आधी खायचं. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एका केळ्यात पंचवीसच्या आसपास असतं. खजूर, चिक्की, गूळ-पोळी, राजगिऱ्याचा लाडू, सगळं चालतं. उशीर केला की पाय एकदम जड होतात, डोकं चालत नाही, माणूस विनाकारण चिडतो. आमच्या त्या वादामागेही अर्धं कारण रिकामं पोट असणार. नवीन जेल, नवीन पावडर त्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. जे सरावात पचलं तेच घ्या.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऊन असेल तर थोडं जास्त. पण नुसतंच पाणी ढोसत राहणं धोक्याचं. घामातून मीठ जातं आणि वर साधं पाणी पडत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मग मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं. एका बाटलीत ओआरएस ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच.

सायकल कुठलीही चालते, गिअरची असली तर सोयीचं. गादीची उंची मात्र जमवून घ्या. टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. गादी खाली राहिली तर शंभरानंतर गुडघा पुढून दुखायला लागतो. पॅडवाली शॉर्ट आत काहीही न घालता वापरायची, आणि व्हॅसलीन लावायला लाजायचं नाही. दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचे पॅच, एलन चाव्या प्रत्येकाजवळ हव्यात. मागचं चाक घरीच दोनदा काढून बसवून बघा.

चाळिशी उलटलेल्यांनी, बीपी-शुगरवाल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डोस कसा ठेवायचा हे विचारूनच निघावं, वाटेत साखर उतरण्याची भीती असते. बरोबरच्या दोघांना तरी ते माहीत हवं.

लांब पल्ला म्हटलं की नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं नाव निघतं. २०१५ मध्ये त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यदलातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच एकट्याने केली. चौघेही डॉक्टर, आपापला व्यवसाय सांभाळून हे करणारे. सरावाला वेळ नाही म्हणणाऱ्या आमच्या व्यापारी मित्रांना मी हे हमखास ऐकवतो.

आदल्या रात्री दिवे चार्ज करा, टायरमध्ये हवा भरा, खिशात ओळखपत्र, घरचा फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी ठेवा. थोडे सुटे पैसे घ्या, टपरीवर नेटवर्क नसतं. नऊला झोपा. झोप लागणार नाही, पण पडून राहा.