दुष्काळी मजुरी आणि मजुरांचा नकार : दख्खन, १८७६–७८

दख्खनमधील १८७६–७८ च्या दुष्काळाचा इतिहास प्रामुख्याने सरकारी अहवाल आणि पुणे सार्वजनिक सभेची निवेदने यांच्या आधारे लिहिला गेला आहे. या साधनांतून मदत देणारे आणि मदत मागणारे पुढारी यांची ओळख होते. परंतु दुष्काळी कामावर प्रत्यक्ष राबणाऱ्या मजुराने त्या मदतीचे काय मूल्यमापन केले, हा प्रश्न बाजूला राहतो. जानेवारी १८७७ मध्ये मजुरांनी कामे सोडली, त्या घटनेच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

१८७६ च्या पावसाने दगा दिल्यानंतर सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी आदी जिल्ह्यांत मुंबई सरकारने दुष्काळी कामे काढली. निरा कालवा, म्हसवडचा तलाव, दौंड–मनमाड लोहमार्ग ही त्यांतील मोठी कामे होत. धान्याचा व्यापार सरकारने व्यापाऱ्यांवरच सोपविला होता. रेल्वेने सोलापूरपर्यंत धान्य येत होते. उणीव होती ती ते विकत घेण्याच्या कुवतीची. शेते ओस पडल्याने शेतमजुराचे काम गेले आणि विणकराचे गिऱ्हाईकही गेले. म्हणूनच मजुरीचा दर हाच या साऱ्या मदतीचा गाभा होता.

नेमका तोच दर जानेवारी १८७७ मध्ये खाली आणला गेला. व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून पाठविले होते. त्यांनी पुरुष मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य (सुमारे साडेचारशे ग्रॅम) आणि वर एक आणा असे प्रमाण सुचविले. याच टेंपल यांनी १८७३–७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून मनुष्यहानी टाळली होती आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका सोसला होता. दख्खनमधील त्यांची काटकसर या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. तिचे समर्थन मात्र त्यातून होत नाही. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणावर शरीरशास्त्राच्या आधारे आक्षेप घेतला आणि मद्रासमध्ये त्याच वर्षी ते वाढवावे लागले.

मुंबई इलाख्यात आक्षेप घेतला तो मजुरांनीच. गावाजवळची कामे सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचा आग्रह आणि घटलेली मजुरी यांमुळे हजारो स्त्री-पुरुषांनी काम सोडले. लोकांना खरी गरज नाही, असा अर्थ त्यातून काढणे शासनाला सोयीचे होते. हा अर्थ टिकणारा नाही. अर्ध्या पोटी दिवसभर खडी फोडण्यात जितकी शक्ती खर्च होते तितकी मिळणाऱ्या अन्नातून भरून येत नसेल, तर घरी राहणे हा हट्ट नसून हिशेब ठरतो. कॉर्निश यांनी जे शास्त्राच्या भाषेत मांडले, ते मजुरांनी कृतीने मांडले होते.

सार्वजनिक सभेने हा नकार सरकारदरबारी नोंदविला, हे तिचे मोठे कार्य होय. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेने गणेश वासुदेव जोशी व न्या. रानडे यांच्या प्रभावाखाली जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रे पाठविली. तथापि सभेने मजुरांना जागे केले, ही रूढ मांडणी क्रम उलटा करते. आधी मजूर उठले, मग सभेची लेखणी चालली. सत्यशोधक समाजाचा मार्ग निराळा होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले आणि त्यांचे सहकारी यांनी धनकवडी येथे निराधार मुलांच्या अन्नाची सोय केली. सावित्रीबाईंचे ओतूरहून एप्रिल १८७७ मध्ये लिहिलेले पत्र या कार्याची साक्ष देते. कामाच्या कसोटीत न बसणारी लेकरे येथे प्रथम विचारात घेतली गेली.

स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये जीव वाचविणे हे राज्याचे कर्तव्य मानले, पण श्रमाची कसोटी कायम ठेवली. ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज याच आयोगाचा. पुढे १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये ५० लाखांच्या जवळ पोहोचली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. १८७७ मध्ये ज्याला हट्ट म्हटले गेले, ती मागणी त्या कायद्याने हक्क म्हणून स्वीकारली. मजुरी मात्र केलेल्या कामाच्या मोजमापावरच ठरत राहिली.