शिकारी रायफलीची पारख

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १९९९ सालीं; परंतु हिंगोली गांवाचें नांव फौजी दप्तरांत त्याच्या फार पूर्वींपासून आहे. १८१९ पासून १९०३ पर्यंत निजामाच्या राज्यांतील ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची येथें छावणी होती. या चौऱ्यायशीं वर्षांत बंदुकीचें रूप समूळ पालटलें. शिकारीची रायफल निवडतांना कोणत्या गुणास किती मोल द्यावें, या प्रश्नाचा विचार आम्ही या पालटाच्या आधारें करूं इच्छितों.

छावणी पडली त्या काळीं दख्खनच्या खेड्यांतील शिकाऱ्याजवळ तोड्याची बंदूक असे. तोंडाकडून दारू व गोळी ठासावयाची, कानावर रंजक घालावयाची आणि पेटत्या तोड्यानें बार काढावयाचा, असा तिचा प्रकार. पावसाची सर आली कीं ती निरुपयोगी. दुसरा बार भरण्यास अवधि मिळत नसे. म्हणून शिकारी दबा धरून बसे व जनावर अगदीं जवळ आल्यावांचून बार काढीत नसे. हत्यार अधू होतें, परंतु त्यानें धन्यास संयम शिकविला.

पुढें नळीच्या आंत मळसूत्री खांचा असलेली रायफल प्रचारांत आली. या खांचांमुळें गोळी स्वतःभोवतीं फिरत जाते व तिची दिशा सुटत नाहीं. मध्यप्रांताच्या जंगलांत हिंडलेल्या कॅप्टन जेम्स फोरसाइथ यानें १८६३ सालीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याचा भर लांब पल्ल्यावर नव्हता. रानांत अंतराचा अंदाज हटकून चुकतो. तेव्हां शिकारीच्या नेहमींच्या अंतरांत गोळी शक्य तितकी सरळ जावी आणि तिचा आघात जबर असावा, असें त्याचें म्हणणें. १८९८ च्या सुमारास कॉर्डाइट दारूच्या ‘नायट्रो एक्सप्रेस’ रायफली निघाल्या आणि जोर व वेग यांची उणीव उरली नाहीं. राहिली ती विवेकाची.

गोळी वर्मीं न लागतां जनावर नुसतें जखमी झालें, तर मचाणावर बसलेल्या साहेबास किंवा जहागीरदारास त्याचें भय थोडें. भय असे तें खालीं पायीं हाका घालणाऱ्या गरीब माणसांस. रायफलीचा धनी एक आणि तिच्या चुकीची किंमत देणारा दुसरा, हा शिकारीच्या इतिहासांतील मोठा अन्याय होय. म्हणून आमच्या मतें गुणांचा क्रम असा लागतो: पहिल्या बाराची खात्री प्रथम, दस्ता खांद्यास व हातास नीट बसणें त्यानंतर, जनावराच्या आकारास पुरेसा आघात तिसरा, दुसरा बार तत्काळ मिळणें चौथें. लांब पल्ला व नक्षीकाम यांची गणना सर्वांत शेवटीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौशी शिकारीचें पर्व मिटविलें, हें इष्टच झालें. तथापि त्याच कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें, पिकांची नासाडी करणारें किंवा जीवितास धोका झालेलें जनावर मारण्याची परवानगी अधिकाऱ्यांस देतां येते. मराठवाड्यांतील शेतकरी रानडुकरांनीं व रोह्यांनीं गांजलेला असल्यामुळें हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नव्हे. अशा वेळीं रायफल हातीं घेणाऱ्यानें ती किती दूर मारते हें विचारण्यापूर्वीं, आपला बार चुकल्यास कोणाच्या जिवावर बेतेल, हें आधीं विचारावें.