नव्याचे नऊ दिवस, जुन्याचे मोल

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण रचणाऱ्याने स्मार्टफोन पाहिला नव्हता. पण त्याची कुंडली मात्र त्याने अचूक मांडून ठेवली. अमेरिकेत २९ जून २००७ रोजी ॲपलचा पहिला आयफोन विक्रीस आला. आठ गिगाबाइटच्या फोनसाठी लोकांनी रांगा लावून ५९९ डॉलर मोजले. अवघ्या ६८ दिवसांनी, ५ सप्टेंबरला, त्याच फोनची किंमत ३९९ डॉलर झाली! पहिले ग्राहक संतापले, तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून त्यांना शंभर डॉलरची खरेदीसवलत देऊ केली. पण दुकानात कोरा फोन ३९९ डॉलरला मिळत असता वापरलेल्याला त्याहून अधिक कोण देणार? फोन तोच, चालतही तसाच होता. पडला तो भाव.

पुढे याचे चक्रच झाले. २००९ साली थ्रीजीएस आला, तेव्हा आदल्या वर्षीचा थ्रीजी दूरध्वनी कंपनीच्या करारासह ९९ डॉलरला मिळू लागला. २०११ पासून मुख्य आयफोन बहुधा आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास येऊ लागले. नव्याच्या हौसेपायी पुष्कळ जुने फोन एकदम बाजारात येतात, आणि आवक वाढली की भाव उतरतो. भाजीबाजाराचाच हा न्याय. म्हणून जाणता विकणारा घोषणेपूर्वीच मोकळा होतो आणि जाणता घेणारा घोषणेनंतर पिशवीत हात घालतो.

परंतु स्वस्ताई म्हणजे विश्वास नव्हे. दोष एकट्या विकणाऱ्यालाच ठाऊक असला, की चांगल्या मालालाही पडेल भाव येतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले होते. फोनचे दोषही असेच झाकलेले. २०१३ साली आयफोनला मालकाच्या परवलीच्या शब्दाविना न उघडणारे कुलूप आले, तेव्हा चोरीचा माल खपवणे अवघड झाले. २०१८ साली बॅटरीची प्रकृती पडद्यावरच दिसू लागली. २०२३ साली गूगलने पिक्सेल ८ साठी आणि २०२४ साली सॅमसंगने गॅलक्सी एस २४ साठी सात वर्षे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचे वचन दिले. तीन वर्षे वापरून विकलेल्या अशा फोनची चार वर्षे पुढच्या मालकाच्या वाट्याला उरतात.

नव्या फोनचा गाजावाजा ज्या घरी होतो, तेथे जुना अडगळ ठरतो. तोच दुसऱ्या घरी शिकणाऱ्या मुलीच्या हाती तिचा पहिला फोन म्हणून जातो. तिच्या दृष्टीने आजच्या भावापेक्षा, तो आणखी किती वर्षे साथ देईल, याचेच मोल अधिक.